नर्मदेच्या नळावरचा एनआरव्ही तपासताना
इंदूरमधील ज्या घरांत नर्मदेचा नळ, म्हणजे महापालिकेकडून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची जोडणी, आणि बोरिंग एकाच पाइपला जोडलेले असतात, तेथे नळाच्या बाजूचा एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, वर्षातून एकदा तरी तपासून घ्यावा. कारण पुरवठा थांबल्यावर रस्त्यावरील पाइपमधील दाब उतरतो आणि व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर बोरिंगचे पाणी उलट त्या पाइपमध्ये शिरते.

तपासणी सोपी आहे. मीटरजवळचा कॉक बंद करावा, बोरिंगची मोटर चालू ठेवावी आणि कॉक व एनआरव्ही यांच्या मधली तोटी उघडावी. पाइपमध्ये साचलेले पाणी निघून गेल्यावरही बारीक धार सुरूच राहिली, तर व्हॉल्व्ह गळत आहे असे समजावे. मग मोटर बंद करून, टाकीकडचा कॉकही बंद करून, व्हॉल्व्हचे झाकण उघडावे. आमच्याकडे बोरिंगच्या जड पाण्यातील क्षाराचा मोहरीएवढा खडा रबरी वॉशर आणि तो ज्यावर टेकतो ती बैठक यांच्या मध्ये अडकला होता. जुन्या टूथब्रशने आणि थोड्या व्हिनेगरने तो निघाला. रबर कडक झाले असेल किंवा त्यावर चर पडली असेल, तर ते बदलावेच. नवा व्हॉल्व्ह बसवताना त्यावरील बाण प्रवाहाच्या दिशेने आहे ना, हे प्लंबरवर न सोडता स्वतः पाहावे.

खरे तर दोन्ही पाइप स्वतंत्रपणे हौदात सोडून त्यांची तोंडे ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा पाइपच्या व्यासाच्या किमान दुप्पट उंच ठेवणे, हा एनआरव्हीपेक्षा अधिक भरवशाचा उपाय आहे.