जर्मन साहित्यावरचं नवं संशोधन कसं चाळायचं: काफ्का धरून सांगते

पीएचडीचा विषय जवळपास ठरतो, गाईड म्हणतात की आधी गेल्या दहापंधरा वर्षांत यावर काय काय झालंय ते बघून या, आणि मग नव्वद टक्के पोरंपोरी घरी जाऊन गूगल स्कॉलर उघडतात आणि लेखकाचं नाव टाकतात. काफ्का टाकून बघा एकदा. अपाची काफ्का नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, डेटा इकडून तिकडे पाठवायचं, त्याच्यावरचे पेपर धडाधड समोर येतात, आणि प्रागमधला आपला माणूस, जर्मनमध्ये लिहिणारा लेखक काफ्का, राहतो बाजूला. बरं, नावापुढे फ्रान्त्स लावलं तरी हजारो लेख, त्यातले बहुतेक इंग्लिश, आणि वर काय येतं तर जे सगळ्यात जास्त वेळा कोट झालंय ते, म्हणजे सगळ्यात जुनं. नवं शोधायला निघालेल्या माणसाला जुनंच हातात येतं.

म्हणून सर्च बॉक्सने सुरुवात करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला यादी नकोय, सध्या या लोकांमध्ये वाद कशावर चाललाय ते हवंय. आणि ते कळायला आधी कोणीतरी जाणकाराने सगळं वाचून लिहिलेलं वाचायचं, मग याद्या, मग परीक्षणं, मग अजून पुस्तक न झालेले प्रबंध.

पहिली पायरी हँडबुक, म्हणजे एका लेखकाबद्दल आजवर झालेल्या अभ्यासाचा प्रकरणवार आढावा घेणारं पुस्तक. जर्मन लोकांना हँडबुकांचं भयंकर वेड, मोठ्या लेखकावर एक जाडजूड हँडबुक नाही असं सहसा होत नाही. काफ्कावर १९७९ चं हार्टमुट बिंडर यांनी संपादित केलेलं दोन खंडी आहे, मग २००८ चं यागोव आणि याराउस यांचं, आणि २०१० चं एंगेल आणि आउएरोख्स यांचं मेट्स्लर प्रकाशनाचं. तिन्ही अख्खी वाचायची गरज नाही. तुमच्या विषयाचं प्रकरण तेवढं तिन्हींतून काढा आणि जुन्यापासून नव्याकडे लागोपाठ वाचा, एका बैठकीत झालं तर फारच छान. काय गळलं, काय नव्याने आलं, कुठल्या नावांचा उल्लेख आता कोणी करत नाही, हे सगळं डोळ्यांसमोर येतं. आणि शेवटच्या हँडबुकची तारीख म्हणजे तुमच्या सर्व्हेची, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याची, सुरुवात, त्याआधीचं काम त्यांनी तुमच्यासाठी करून ठेवलंय, ते परत करत बसू नका.

याच जातीचं पण सगळ्या भाषांना लागू होणारं एक प्रकाशन म्हणजे 'द इयर्स वर्क इन मॉडर्न लँग्वेज स्टडीज'. मॉडर्न ह्युमॅनिटीज रिसर्च असोसिएशन म्हणून १९१८ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश संस्था आहे तिने हे सुरू केलं, पहिला खंड १९२९-३० या काळातल्या कामावर होता, हल्ली ब्रिल ही प्रकाशनसंस्था छापते. भाषेप्रमाणे आणि कालखंडाप्रमाणे प्रकरणं असतात, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, जर्मन, डच, स्लाव्ह भाषा, अगदी ऑक्सिटन, कॅटलान आणि वेल्शसुद्धा, आणि प्रत्येक प्रकरण त्या विषयातला माणूस लिहितो, की या वर्षात हे आलं, हे बरं आहे, यात नवीन काही नाही. नुसती यादी नसून शेरे असतात हे महत्त्वाचं. फक्त सगळी प्रकरणं दरवर्षी येतातच असं नाही, मध्ये गॅप पडते, मग दोन वर्षांचं एकत्र येतं, तेव्हा आपलं प्रकरण कुठल्या खंडात आहे ते बघून घ्या.

आता याद्या. जर्मनसाठी मुख्य आहे ती फ्रँकफुर्टच्या विद्यापीठ ग्रंथालयातून निघणारी बिब्लिओग्राफी, सगळे तिला बीडीएसएल म्हणतात, एपेल्सहायमर यांनी सुरू केलेली, ऑनलाइन १९८५ पासूनच्या नोंदी. ही का वापरायची, तर जर्मन विद्वानांचे निम्मे लेख जर्नलमध्ये येतच नाहीत. ते येतात परिसंवादांच्या संकलनात, नाहीतर कुठल्यातरी निवृत्त प्राध्यापकांच्या गौरवग्रंथात, आपल्याकडेही तशीच पद्धत आहे म्हणा, आणि अशा ग्रंथातला बारावा लेख गूगलला सापडेलच याची खात्री नाही. बिब्लिओग्राफी करणारी माणसं मात्र पुस्तक उघडून प्रत्येक लेखाची वेगळी नोंद करतात. अमेरिकेतल्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची, म्हणजे एमएलएची, बिब्लिओग्राफी पण बघा, १९२१ पासूनची आहे, पण ती पैसे भरून घ्यावी लागते, तुमच्या विद्यापीठात असेल तर ठीक.

सर्च करताना स्पेलिंगचा घोळ लक्षात ठेवा, यात फार लोक फसतात. काफ्काची 'प्रोत्सेस' ही कादंबरी घ्या. जुन्या आवृत्त्यांत झेड आणि शेवटी एसझेट (ß हे जर्मन अक्षर), १९९६ च्या स्पेलिंग सुधारणेनंतर झेड आणि डबल एस, १९९० च्या समीक्षित (हस्तलिखिताशी ताडून केलेल्या) आवृत्तीत सी आणि एसझेट, आणि १९९७ च्या हस्तलिखित-छायाचित्रांच्या आवृत्तीत सी आणि डबल एस. चार स्पेलिंग झाली की नाही! अभ्यासक ज्या आवृत्तीतून कोट करतो तेच स्पेलिंग तो लेखाच्या नावात घालतो, म्हणजे तुम्ही एकच टाकलंत तर बाकीच्यांचं काम दिसणारच नाही. तसंच काफ्काचा मित्र मॅक्स ब्रोडने १९२७ मध्ये 'अमेरिका' नावाने छापलेली कादंबरी १९८३ च्या समीक्षित आवृत्तीपासून 'डेर फेरशोलेने' झाली, दोन्ही नावं टाका. शक्य तिथे नावाऐवजी विषय-शीर्षकाने शोधा, ग्रंथालयांच्या कॅटलॉगमध्ये लेखकाचं नाव जन्म-मृत्यूच्या सालासकट ठरलेलं असतं, मग सॉफ्टवेअरवाला काफ्का आपोआप बाहेर.

पुस्तकांसाठी कार्ल्सरूहचा व्हर्च्युअल कॅटलॉग, केव्हीके, १९९६ पासून चालू आहे आणि फुकट आहे, एका खिडकीतून जर्मनी ऑस्ट्रिया स्वित्झर्लंड आणि इतर कितीतरी देशांची ग्रंथालयं एकदम चाळतो. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयाचा कॅटलॉग. तिथे भरपूर नव्या पुस्तकांची अनुक्रमणिका स्कॅन करून ठेवलेली असते, कोणीही उघडावी. शंभर युरोचं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही, अनुक्रमणिका वाचली की निम्मं कळतं की माणूस कुठल्या बाजूने बोलतोय आणि आपल्याला कुठलं प्रकरण मागवायचंय.

यानंतर परीक्षणं, आणि इथे वेळ घालवा, कारण खरी मजा इथे आहे. जर्मन विद्वान आपल्या पुस्तकात दुसऱ्याशी मतभेद तळटीपेत हळूच लिहितो, परीक्षणात मात्र हात मोकळा सोडतो. 'आर्बिट्रियुम' हे १९८३ पासूनचं नियतकालिक फक्त परीक्षणांचंच आहे. 'गेर्मानिस्टिक' १९६० पासूनचं, त्यात छोटे छोटे टिपणवजा परिचय असतात, पटापट चाळायला बरं. मारबुर्गहून निघणारं 'लिटराटूरक्रिटिक' १९९९ पासून ऑनलाइन आहे. माझी पद्धत अशी, एका पुस्तकावरची किमान दोन परीक्षणं शोधायची, आणि दोघं ज्या मुद्द्यावर एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत तो मुद्दा वहीत लिहायचा, बाकी स्तुती सोडून द्यायची. असे मुद्दे जमत गेले की सर्व्हेचा सांगाडा आपोआप तयार होतो. फक्त परीक्षणं यायला पुस्तकानंतर दोन-तीन वर्षं सहज जातात, त्यामुळे अगदी ताज्या पुस्तकांना ती नसतील, त्याचा अर्थ पुस्तक टुकार आहे असा नाही.

अगदी ताजं हवं असेल तर प्रबंध बघा. जर्मनीत प्रबंध प्रसिद्ध केल्याशिवाय डॉक्टरेट पूर्ण होत नाही, त्यामुळे तो पुस्तकरूपात किंवा विद्यापीठाच्या सर्व्हरवर कुठेतरी असतोच, आणि राष्ट्रीय ग्रंथालयात त्याची नोंद असते. त्यात 'आजवरचं संशोधन' असं एक प्रकरण बहुधा सुरुवातीलाच असतं, म्हणजे कोणीतरी तुमच्यासारख्याच वैतागलेल्या माणसाने केलेला आयता सर्व्हे. वापरा तो, पण त्याने काय सोडलंय तेही तपासा. आणि परिसंवादांची, निबंध मागवणारी निमंत्रणं वाचा, हे कोणी सांगत नाही. त्यात आयोजक दोन पानांत लिहितात की या विषयात काय झालंय आणि आता आम्हाला काय हवंय, म्हणजे दोन वर्षांनी येणाऱ्या पुस्तकाची आजची जाहिरातच ती.

अजून एक गोष्ट काफ्काच्या बाबतीत फार कामाची आहे, इतर लेखकांनाही लागू पडेल. लेखकाचे मूळ कागद कुठे आहेत ते बघा, कारण कागद उघडले की संशोधन तिकडे धावतं. काफ्काची बरीचशी हस्तलिखितं १९६१ पासून ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, 'प्रोत्सेस'चं हस्तलिखित १९८८ च्या लिलावानंतर मारबाखच्या साहित्य-संग्रहालयात आलं, आणि ब्रोडकडे राहिलेल्या कागदांवरून इस्रायलमध्ये वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली, २०१६ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय ग्रंथालयाच्या बाजूने निकाल दिला, २०२१ मध्ये त्या ग्रंथालयाने ते ऑनलाइन टाकले. त्याच वर्षी काफ्काच्या चित्रांचं पुस्तक आंद्रेआस किल्खर यांच्या संपादनाखाली आलं. मग नंतरच्या लिखाणात 'चित्रं काढणारा काफ्का' दिसायला लागला तर आश्चर्य कसलं. तसंच त्याच्या विमा कचेरीतल्या लिखाणाचा खंड समीक्षित आवृत्तीत २००४ मध्ये आला आणि ऑफिसातला काफ्का, फाइली, अपघात, नुकसानभरपाई हा विषय जोरात निघाला. त्यात २०२४ हे मृत्यूचं शंभरावं वर्ष, त्यामुळे त्या सालाच्या आसपास विशेषांकांचा पूर आलाय. शताब्दीच्या पुरातलं निम्मं जुनंच नव्या कव्हरात असतं, तिथे कडक चाळणी लावा.

दुसऱ्या भाषा घेतलेल्यांसाठी थोडक्यात. फ्रेंचवाल्यांनी 'फाब्युला'ची साइट रोज उघडावी, १९९९ पासूनची आहे, निमंत्रणं, नवी पुस्तकं, आणि तिचंच 'आक्ता फाब्युला' हे परीक्षणांचं नियतकालिक, सगळं फुकट. थेझ-डॉट-एफआर वर चालू असलेल्या प्रबंधांचेही विषय दिसतात, म्हणजे तुमचा विषय कोणी आधीच उचललाय का ते आत्ताच कळेल. ओपनएडिशनवर ढीगभर जर्नलं उघडी आहेत. गंमत म्हणजे फ्रेंच साहित्याची मोठी बिब्लिओग्राफी ऑटो क्लाप नावाच्या जर्मन माणसाने सुरू केली आणि ती फ्रँकफुर्टहून निघाली. स्पॅनिशला 'डायलनेट', ला रिओहा विद्यापीठाची लेखांची ऑनलाइन सूची, नवं आलं की कळवणारा अलर्ट लावता येतो.

पोर्तुगीजवाल्यांना तर गोव्यामुळे घरचंच काम. गोव्यातल्या पोर्तुगीज साहित्यावरचं गेल्या काही वर्षांतलं बरंच काम ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या विद्यापीठात झालंय, त्यांचे प्रबंध ऑनलाइन उघडे आहेत, आणि पोर्तुगालातल्या विद्यापीठांचं आरसीएएपी या पोर्टलवर मिळतं. मूळ वर्तमानपत्रं आणि मासिकं बघायला पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय आहेच, १८३२ सालचं. फक्त इंग्लिशमधलं वाचून गोव्यावर सर्व्हे लिहिणाऱ्यांनी हे ब्राझीलवालं एकदा तरी उघडावं, प्लीज.

मिळवायचं कसं हा नेहमीचा प्रश्न. तुम्ही सरकारी विद्यापीठात किंवा कॉलेजात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही सरकारी योजना चालू आहे, केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस, स्प्रिंगर वगैरे तीस प्रकाशकांची जर्नलं त्यात आहेत, लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा, लाजू नका. जर्मन साहित्याचं १९२३ पासूनचं नावाजलेलं त्रैमासिक, सगळे ज्याला डीव्हीयेएस म्हणतात, ते स्प्रिंगरच्याच साइटवर आहे, आधी ते उघडून बघा. पण ही योजना जर्नलांची आहे, पुस्तकांची नाही. पुस्तकांसाठी ओएपेन आणि डीओएबी या दोन ठिकाणी कायदेशीर फुकट पुस्तकं शोधा, जर्मन प्रकाशकांची बरीच सापडतात. मॅक्समुल्लर भवनच्या लायब्ररीत मूळ साहित्य आणि भाषेचं चांगलं मिळतं, समीक्षा-संशोधनासाठी तेवढ्यावर विसंबू नका. आणि उरलं ते लेखकाला मेल करून मागायचं. चार ओळींचा मेल, मी कोण, विषय काय, कुठला लेख हवा, शक्यतो जर्मनमध्ये आणि आडनावामागे पदवी लावून, तिकडे त्याला अजून किंमत आहे. बहुतेक जण पीडीएफ पाठवतात, आपला लेख पुण्यात कोणीतरी वाचतंय याचा त्यांनाही आनंदच होतो.

चॅटबॉटला संदर्भ विचारणार असाल तर तो देईल, छान नाव, छान साल, पान नंबरसकट, आणि तसा लेख जगात नसेल. म्हणून त्याने दिलेली प्रत्येक नोंद केव्हीके किंवा बीडीएसएलमध्ये सापडल्याशिवाय वहीत घ्यायची नाही. वही म्हणजे झोटेरो, संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण नुसतं सेव्ह करून ढीग करू नका, प्रत्येक नोंदीखाली आपल्या भाषेत दोन ओळी लिहा, हा कोणाशी भांडतोय आणि पुरावा काय देतोय. मराठीत लिहा खुशाल. जर्मन वाक्यं उतरवून घेतली की समजल्यासारखं वाटतं, मराठीत लिहायला गेलं की कळतं समजलंय का ते.

लिहिताना लेखकवार परिच्छेद पाडू नका, अमुक म्हणतो तमुक म्हणतो असं वाचून गाईड झोपतात. वादाप्रमाणे पाडा, एका वादात दोन बाजू, कुठला कागद किंवा आवृत्ती आल्यावर पारडं फिरलं, आणि तुमचं काम त्यात कुठे बसतं. आणि शोध थांबवायचा कधी, तर नवीन परीक्षणांतली सगळी नावं आधीच तुमच्या झोटेरोत असतील तेव्हा. त्या दिवशीची तारीख प्रकरणाच्या पहिल्या तळटीपेत टाका, की इथवरचं पाहिलंय, दोन-तीन अलर्ट चालू ठेवा, आणि पुढचं प्रकरण लिहायला घ्या. व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या, महिनाभर आधी परत एकदा सगळं चाळायचं, कारण बाहेरचे परीक्षक नेमकं गेल्या सहा महिन्यांतलं पुस्तक विचारतात.