टूर डी फ्रान्स कोकणातून पाहताना: या चुका टाळा

टूर डी फ्रान्स जुलैत येते आणि कोकणात जुलै म्हणजे पावसाचा ऐन भर. 21 टप्प्यांची ही सायकल शर्यत दोन विश्रांतीचे दिवस धरून 23 दिवस चालते, आणि दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ला अशा ठिकाणी राहून ती मनापासून पाहणाऱ्याला वीज, रेंज आणि पाऊस या तिघांशी रोज संध्याकाळी सामना करावा लागतो. चित्र थांबले की आपण मोडेम बंद-चालू करतो, ॲप काढून पुन्हा टाकतो, सेट-टॉप बॉक्सची वायर हलवतो, आणि या खटपटीत शेवटची चढण निघून जाते. यातल्या बहुतेक वेळा मूळ चूक एकच असते: बिघाड कुठे आहे हे न पाहताच उपाय सुरू केलेला असतो. तो बिघाड आल्प्समध्ये असू शकतो, आपल्या वाडीच्या खांबावर असू शकतो, किंवा मुळात बिघाड नसून आपण आकडा चुकीचा वाचत असतो.

सुरुवात घड्याळापासून करावी. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फ्रान्स, इटली आणि स्पेन येथील वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते, तर उरलेल्या काळात साडेचार तासांनी. मिलान–सान रेमो ही शर्यत मार्चमध्ये, बहुधा घड्याळ बदलण्यापूर्वी होते आणि पॅरिस–रुबे एप्रिलमध्ये, त्यामुळे एकीचा हिशेब दुसरीला लावणाऱ्याचा तासभर हमखास चुकतो. टूरचे बहुतेक टप्पे फ्रान्समध्ये संध्याकाळी पाच ते पावणेसहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे साडेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान संपतात. शेवटचा, पॅरिसमधला टप्पा बहुधा याहून बराच उशिरा संपतो. वेळापत्रकात सुटण्याची वेळ दोनदा दिलेली दिसते तीही चूक नव्हे. पहिली वेळ गावातून संथपणे निघण्याची असते आणि दुसरी, गावाबाहेर प्रत्यक्ष शर्यत सुरू होण्याची. शिवाय पुढच्या प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची वेळ तीन वेगवेगळ्या सरासरी वेगांनुसार छापलेली असते, त्यामुळे समोरून वारा असलेल्या दिवशी सर्वांत जास्त वेगाचा स्तंभ धरून बसल्यास अर्धा तास नुसती वाट पाहावी लागते.

मोबाइलवर पाहणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे टप्पा पहिल्या किलोमीटरपासून लावून ठेवणे. रोज दीड किंवा दोन जीबी देणाऱ्या प्रीपेड पॅकवर एचडी चित्र तासाला दोन-तीन जीबी खाते, आणि टप्पा तर चार-पाच तासांचा असतो. कोटा रात्री बाराला नव्याने मिळतो, पण शर्यत नऊला संपलेली असते. म्हणून चित्राची प्रत 480पी वर स्वतः ठरवून ठेवावी (‘ऑटो’ वर सोडू नये) आणि व्हिडिओ शेवटच्या दीड-दोन तासांपुरताच लावावा. दुपारच्या सपाट रस्त्यासाठी मजकुराचे वार्तांकन आणि अधिकृत ॲपमधील थेट स्थिती पुरते.

आता घरातले बिघाड. फायबरचे कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याकडे आधी नीट पाहावे. ‘पॉन’ असे लिहिलेला हिरवा दिवा स्थिर असेल तर तार शाबूत आहे आणि दोष पुढे, राउटरमध्ये किंवा वायफायमध्ये शोधावा. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशाचा संकेतच डब्यापर्यंत येत नाही, म्हणजे बहुधा कुठेतरी आंब्याची फांदी किंवा माडाची झावळ तारेवर पडलेली आहे, आणि मोडेम दहा वेळा बंद-चालू केला तरी काही होणार नाही. तक्रार नोंदवून सरळ मोबाइलवर यावे.

वीज गेल्यावर चालावे म्हणून घेतलेला छोटा यूपीएस अनेक घरांत फक्त राउटरला जोडलेला असतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे लक्षात न घेतल्याने वायफायच्या कांड्या पूर्ण दिसतात पण इंटरनेट नसते. जोडण्यापूर्वी दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचावेत. बरीच उपकरणे 12 व्होल्टची असली तरी सगळी नसतात आणि चुकीच्या व्होल्टेजने डबा कायमचा जातो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचे वायफाय फार क्षीण होऊन बाहेर पडते, म्हणून राउटर माजघरात आणि पाहणारे पडवीत असतील तर फोन 2.4 गिगाहर्ट्झवर जोडावा.

डिश असलेल्यांनी पाऊस आणि गंज यांत फरक करायला शिकावे. घरगुती डिशवर येणाऱ्या लहरी मोठ्या सरीत शोषल्या जातात आणि सर ओसरली की चित्र आपोआप परत येते. अशा वेळी कौलांवर चढून डिश हलवणे धोक्याचे तर आहेच, शिवाय एकदा बसवलेली दिशा बिघडल्यावर पुढचे चार दिवस जातात. पाऊस थांबूनही संकेत आला नाही तर मात्र डिशच्या टोकाला असलेल्या, लहरी पकडणाऱ्या एलएनबीचा कनेक्टर तपासायला सांगावे. समुद्राकडच्या घरांत खाऱ्या हवेने त्यावर हिरवट थर चढतो, मधली तांब्याची तार काळी पडते, आणि पागोळीचे पाणी वायरीवरून ओघळत थेट आत शिरते. कनेक्टर बदलून, त्यावर रबरी टोपी चढवून, वायरीला त्याच्याआधी खालच्या बाजूने एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. हे काम मे महिन्यात करून घ्यावे.

यानंतरची चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे चांगले चालणारे कनेक्शनही लोक उगाच बिघडवून घेतात. शर्यतीचे चित्र मोटारसायकलवरच्या कॅमेऱ्यातून निघते, वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टर आणि विमानाकडे जाते, आणि तेथून अंतिम रेषेजवळच्या केंद्रात उतरते. डोंगरात ढग दाटले, वादळ आले किंवा विमानाला उडता आले नाही, की हे चित्र उगमापाशीच तुटते. त्याची खूण सोपी आहे: चित्र गोठले किंवा त्यात चौकोन पडले तरी समालोचकांचा आवाज नीट येत असतो, किंवा अचानक अंतिम रेषेवरचा रिकामा रस्ता दाखवला जातो. आवाज आणि चित्र दोन्ही थांबून मध्ये गोल चकती फिरू लागली, तर दोष आपल्या बाजूला आहे. आधी हे पाहावे, मग मोडेमला हात लावावा.

पुढचा स्वार आणि मागचा घोळका यांच्यातल्या, वेळेत दाखवलेल्या अंतराच्या आकड्यांचेही असेच आहे. टूरमध्ये 2015 पासून सायकलच्या सीटखाली जीपीएसचे छोटे उपकरण बसवतात आणि त्याची माहितीही शर्यतीतल्या वाहनांमार्फत व हवाई मार्गाने पुढे जाते. त्यामुळे खराब हवेत पडद्यावर दिसणारे ‘1 मिनिट 20 सेकंद’ शिळे असू शकते. शेजारी ‘उरलेले किलोमीटर’ असतात, ते उतरत आहेत का ते पाहावे. ते थांबलेले असतील तर अंतरही थांबलेले आहे. शिवाय उपकरण सायकलला असते, स्वाराच्या अंगाला नाही, म्हणून कोणी सायकल बदलली की तो यादीत एकाएकी मागे पडलेला किंवा गायब झालेला दिसू शकतो. पडद्यावर पाटीवाली मोटारसायकल दिसली तर तिच्यावर खडूने लिहिलेले अंतर जास्त विश्वासाचे मानावे, कारण ते रस्त्यावरच्या एका ठरावीक जागी घड्याळ लावून मोजलेले असते. मात्र ते त्या जागेपुरते खरे असते, हेही ध्यानात ठेवावे.

मीटर आणि सेकंद यांची गल्लत तर जाणकारही करतात. महामार्गावर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी एसटी दुसरीपेक्षा 100 मीटर पुढे असेल तर ती 6 सेकंदांनी पुढे असते. त्याच दोन गाड्या कुंभार्ली घाटात ताशी 18 किलोमीटरने चढत असताना तेवढ्याच अंतराचे 20 सेकंद होतात. म्हणून आघाडीवरचा स्वार उताराला लागल्यावर मीटर वाढले तरी तो वेळेत पुढे गेला असे होत नाही आणि पायथ्याशी मीटर घटले तरी पेलोटॉन (मागचा मोठा घोळका) त्याच्या जवळ आला असे होत नाही. आघाडी टिकेल का याचा अंदाज बांधण्यासाठी फ्रेंच समालोचक रॉबेर शापात यांच्या नावाचा ठोकताळा चालतो: पाठलाग करणारा घोळका साधारण 10 किलोमीटरमागे एक मिनिट भरून काढतो. हा सपाट रस्त्याचा हिशेब आहे, घाटाला तो लावू नये.

वैयक्तिक घड्याळी शर्यतीत स्वार ठरावीक अंतराने एकामागून एक सुटतात, म्हणून नकाशावर पुढे दिसणारा ठिपका क्रमवारीत पुढे असेलच असे नाही. तेथे ठरावीक टप्प्यांवर नोंदलेली वेळच तेवढी ग्राह्य धरावी आणि मधले सेकंद अंदाज समजावेत. 2020 मध्ये ला प्लांश दे बेल फिय येथे पोगाचारने रॉग्लिचकडून टूर खेचून घेतली, ती अशाच 36 किलोमीटरच्या घड्याळी शर्यतीत.

इंटरनेटवरचे ‘थेट’ चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असते, मजकूर आणि सूचना मात्र त्याआधी येतात. अंतिम धावेच्या वेळी ॲपची सूचना खणखणली आणि विजेत्याचे नाव कळले, तर तो कनेक्शनचा दोष नव्हे. शेवटच्या 10 किलोमीटरपासून सूचना बंद ठेवाव्यात आणि ज्यांच्याकडे डिश आहे त्यांनी सायकल ग्रुपवर तेवढा वेळ काही लिहू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवावी.

पाहण्याची सोय शोधताना जुने लेख प्रमाण मानू नयेत. अनेक ठिकाणी अजून सुचवली जाणारी जीसीएन प्लस ही सेवा डिसेंबर 2023 मध्येच बंद झाली आहे आणि प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक बदलत असतात, म्हणून दर हंगामात शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावरील प्रसारकांची यादी पाहावी. फोनमध्ये एपीके फाइल टाकायला सांगणाऱ्या फुकट दुव्याच्या वाटेला जाऊ नये, कारण त्याच फोनमध्ये आपले यूपीआय असते.

राहिला निकाल. एकत्र आलेल्या घोळक्यातल्या सर्वांना त्या घोळक्याच्या पहिल्या स्वाराची वेळ मिळते, त्यामुळे नव्वदाव्या क्रमांकाच्या नावापुढे विजेत्याचीच वेळ दिसली तर ॲप बिघडलेले नसते. सपाट टप्प्यात शेवटच्या 3 किलोमीटरमध्ये पडलेल्या किंवा सायकल बिघडलेल्या स्वाराला त्या क्षणी तो ज्या गटात होता त्याची वेळ देतात. काही टप्प्यांत ही हद्द अलीकडे वाढवली आहे आणि शिखरावर संपणाऱ्या टप्प्यांना ती सवलत नसते. पहिल्या तिघांना 10, 6 आणि 4 सेकंदांची वजावट मिळते, ती पडद्यावरच्या वेळेत नसते पण एकूण क्रमवारीत धरली जाते. डोळ्यांनी बरोबरी दिसली तर अतिवेगवान कॅमेऱ्याची प्रतिमा येईपर्यंत थांबावे: 2017 मध्ये न्वी-सां-जॉर्जला किटेलने बोआसन हागेनला 6 मिलिमीटरने हरवले होते.

आणि पहिली यादी आली म्हणजे टप्पा संपला असे समजू नये. 14 जुलै 2016 रोजी वाऱ्यामुळे माँ वाँतू या डोंगरावरचा शेवट शिखराऐवजी खालच्या शाले रेनारला आणला होता. तेथे गर्दीत अडकलेल्या मोटारसायकलवर पोर्ट, फ्रूम आणि मोलेमा हे स्वार आदळले, फ्रूम सायकल सोडून पायी धावला, आणि एकूण क्रमवारीच्या तात्पुरत्या यादीत ॲडम येट्स पहिला तर फ्रूम सहावा दिसू लागला. पंचांनी नंतर फ्रूम आणि पोर्ट यांना मोलेमाची वेळ दिली आणि एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्याची पिवळी जर्सी फ्रूमकडेच राहिली. 26 जुलै 2019 रोजी तीन्यच्या वाटेवर गारा पडल्या आणि चिखलाची दरड रस्त्यावर आली, ज्याचा अर्थ कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. स्वार इझरान घाटाच्या उतारावर असतानाच शर्यत थांबवली, वेळ मागच्या शिखरावरची धरली, टप्प्याला विजेता जाहीर झाला नाही आणि आलाफिलिपची पिवळी जर्सी बर्नालकडे गेली. अशा संध्याकाळी ॲपमधले अंतर, नकाशावरचे ठिपके आणि गटागटांत फिरणारे स्क्रीनशॉट बाजूला ठेवून पंचांच्या निर्णयानंतरची यादीच उघडावी, आणि दुसऱ्या दिवशीचा टप्पा लावण्यापूर्वी ती पुन्हा एकदा पाहून घ्यावी.