खळ्यावरून स्पंदक ताऱ्याचा तेजोमेघ कसा पाहावा

स्पंदक तारा (पल्सार) म्हणजे ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला, वेगाने फिरणारा गाभा; त्यातून सतत बाहेर पडणाऱ्या कणांच्या झोताला वारा म्हणतात. जुन्या स्पंदक ताऱ्यांच्या वाऱ्याने उजळलेले तेजोमेघ घरच्या दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून सुरुवात तरुण स्पंदक ताऱ्यापासून करावी. त्यासाठी वृषभ राशीतला खेकडा तेजोमेघ उत्तम. बेळगावच्या अक्षांशावरून तो जवळजवळ डोक्यावर येतो.

सुगी आटोपली की पौष अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. शहराचा उजेड मागे टाकून जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जावे, मात्र रानात न शिरता ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर दुर्बीण मांडावी. शेकोटी आणि मोबाइल दूर ठेवून डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्यावी. भिंगावर दव धरते. ते बोटाने कधीही पुसू नये.

जानेवारीच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास तेजोमेघ सर्वांत उंच असतो. तांबूस रोहिणीपासून पूर्वेकडे बैलाची दोन शिंगे जातात. उत्तरेकडच्या शिंगाच्या टोकाला ठळक अग्नी तारा आहे. दक्षिणेकडच्या टोकाचा मंद तारा कमी वर्धनात धरून, अग्नीच्या रोखाने पण किंचित पश्चिमेला झुकत, दोन पौर्णिमेच्या चंद्रांएवढे सरकावे. सहा इंची दुर्बिणीत फिकट, लांबट डाग दिसेल. रंगांची अपेक्षा ठेवू नये; नजर थोडी बाजूला वळवली की डाग अधिक स्पष्ट होतो.

हा डाग म्हणजे १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदलेल्या स्फोटाचे अवशेष. त्याच्या पोटातला तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो आणि फिरण्याची ऊर्जा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचे धनभारित जुळे) या कणांच्या वाऱ्यात ओततो. चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या त्या कणांमुळेच मेघाचा अंतर्भाग उजळतो. मला यातले सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की स्फोटाला हजार वर्षे होत आली तरी हा दिवा आतून अजून पेटता आहे.

जुन्या ताऱ्याचे चित्र वेगळे असते. जन्मावेळच्या धक्क्याने तो आपल्या अवशेषांच्या बाहेर निघून गेलेला असतो आणि आंतरतारकीय वायू कापत धावतो. पावसाळ्यात मलप्रभेच्या पुलाच्या खांबापुढे पाणी चढून दोन्ही अंगांनी फाकते, तसा त्याच्या वाऱ्यापुढे वायू दाबला जातो आणि त्यातला हायड्रोजन लाल प्रकाशाने चमकतो. वृषपर्वा तारकासमूहातला गिटार तेजोमेघ असाच आहे. त्याचा सुमारे १० लाख वर्षांचा तारा सेकंदाला जेमतेम दीड फेरा घेतो. मोठ्या दुर्बिणींनी हायड्रोजनच्या लाल प्रकाशात टिपलेले त्याचे छायाचित्र खळ्यावरून परतल्यावर पाहावे, आणि त्यात आधी टोकदार शीर शोधावे, कारण तारा तिथे आहे.