आयुष थेरपिस्ट आहात आणि पेशंटचा मेडिक्लेम पास व्हायला हवा? मग या चुका टाळा

दादरपासून डोंबिवलीपर्यंत पंचकर्म, योगोपचार, ॲक्युपंक्चर करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: कुठलं सर्टिफिकेट घेतलं म्हणजे पेशंटला मेडिक्लेम मिळेल? गल्लत इथूनच सुरू होते. विमा कंपनी थेरपिस्टच्या सर्टिफिकेटवर पैसे देत नाही. उपचार कोणत्या नोंदणीकृत वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या देखरेखीखाली झाले आणि कुठल्या जागेत झाले, हे दोनच मुद्दे ती आधी तपासते.

खात्री करायची असेल तर कुठल्याही कोर्सची फी भरण्यापूर्वी क्लेम फॉर्मचा भाग बी डाउनलोड करा. भाग ए पेशंट भरतो, भाग बी हॉस्पिटलने भरायचा असतो. त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरची पदवी, राज्याच्या कोडसह नोंदणी क्रमांक, हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक, पॅन आणि ॲडमिट पेशंटसाठीच्या खाटांची संख्या अशा चौकटी आहेत. थेरपिस्टच्या डिप्लोमासाठी चौकटच नाही. यातल्या किती चौकटी तुम्हाला खऱ्या माहितीने भरता येतात, ते पेन्सिलने लिहून पाहा. पुढचे बरेच निर्णय त्यातच होतात.

'सरकारमान्य' या शब्दावर विश्वास ठेवणे

गुमास्ता, उद्यम नोंदणी, सोसायटी किंवा ट्रस्टची नोंदणी, आयएसओ ९००१ यांपैकी कशानेही उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. तरी खासगी संस्था याच कागदांच्या जोरावर डिप्लोमावर 'सरकारमान्य' छापतात आणि शिकणाऱ्याचे हजारो रुपये अडकतात. संस्थेला एकच विचारा: हा डिप्लोमा घेतल्यावर माझं नाव कुठल्या कायद्याखालच्या कोणत्या नोंदवहीत येईल? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठा.

महाराष्ट्रात बीएएमएस आणि बीयूएमएस झालेल्यांची नोंदणी १९६१च्या कायद्याखाली महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे होते, बीएचएमएसवाल्यांची होमिओपॅथी परिषदेकडे. नूतनीकरणाची तारीख उलटली असेल तर पदवी खरी असूनही क्लेमवर क्वेरी येऊ शकते.

रेकी, मॅग्नेट थेरपी, इलेक्ट्रोपॅथी यांना मान्यता नाही आणि मान्यताप्राप्त पद्धतीच्या डॉक्टरांखेरीज कोणी 'डॉक्टर' लावू नये, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३च्या आदेशात आहे. बिलावर नुसतं 'डॉ.' छापलं असेल आणि शेजारी परिषदेचा क्रमांक नसेल, तर त्या एका कागदावरून सगळी फाइल संशयात जाते.

कायदेशीर मान्यता म्हणजे विम्याचं कव्हर, असं धरून चालणे

ॲक्युपंक्चरवाले इथे हमखास फसतात. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे, नोंदणीही होते. पण आयुष म्हणजे आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी. ॲक्युपंक्चर त्यात येत नाही. पॉलिसीत 'आयुष उपचार' एवढंच लिहिलं असेल, तर परिषदेचा क्रमांक असूनही खर्च मिळेलच असं नाही. पेशंटला हे पहिल्या सीटिंगआधी सांगा.

योगाचं तसंच. योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा चांगली आहे, शिकवण्यासाठी आणि नोकरीसाठी जरूर द्या. पण तिथला 'योग थेरपिस्ट' हा दर्जा म्हणजे डॉक्टर म्हणून नोंदणी नव्हे. निसर्गोपचाराला तर आणखी एक अडसर आहे. पॉलिसीतल्या प्रमाणित अपवादांपैकी क्रमांक १३ मध्ये स्पा, हायड्रो आणि नेचर क्युअर क्लिनिक यांची नावंच घेतलेली आहेत. म्हणून पाटीवर आणि बिलावर 'वेलनेस', 'स्पा', 'रिज्युव्हिनेशन पॅकेज' हे शब्द घालू नका. आणि खरोखर वेलनेसच देत असाल, तर ते आजाराचा उपचार म्हणून दाखवू नका. तो खोटा क्लेम होतो.

जागेच्या आधी एनएबीएचच्या मागे लागणे

एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाला मानांकन देणारं राष्ट्रीय मंडळ) शिक्का मारायला येतं ते आधीच नियमात चालणाऱ्या जागेवर. विम्याच्या व्याख्येप्रमाणे खासगी आयुष हॉस्पिटलला किमान ५ खाटा, चोवीस तास जबाबदार नोंदणीकृत आयुष डॉक्टर, उपचारांचा स्वतंत्र विभाग आणि रोजच्या नोंदी लागतात. खाटा नसतील तर आयुष डे केअर सेंटर हा दुसरा मार्ग. त्याला आंतररुग्ण सेवा लागत नाही, पण नोंदणीकृत डॉक्टर, उपचार विभाग आणि नोंदी यांतून सुटका नाही.

मुंबईत क्रम साधारण असा ठेवा. आधी फायर एनओसी, कारण निवासी इमारतीतल्या गाळ्याचं घोडं बहुधा इथेच अडतं. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी (जळवा, सुया, रक्तमोक्षणाचा कापूस हे सगळं त्यात आलं). मग पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे १९४९च्या नर्सिंग होम कायद्याखाली अर्ज, त्यातून मिळणारं नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म सी. त्यानंतर विमा माहिती ब्युरोकडचा १३ अंकी रोहिणी क्रमांक, म्हणजे विमा व्यवहारातला हॉस्पिटलचा ओळख क्रमांक. एनएबीएच त्याच्या पुढे. फॉर्म सीवर ४ खाटा आणि भाग बीमध्ये ६ लिहिल्या, तर क्लेम तिथेच संपला.

एनएबीएचमध्येही योजना वेगवेगळ्या आहेत: आयुष हॉस्पिटलचं पूर्ण मानांकन, प्रवेशस्तरीय प्रमाणपत्र, पंचकर्म क्लिनिकचं मानांकन. खाटा चालवत असाल आणि सोपं म्हणून क्लिनिकचं घेतलंत, तर ॲडमिट पेशंटच्या फाइलला त्याचा आधार मिळत नाही. शिवाय प्रमाणपत्र पत्त्यापुरतं असतं. पार्ल्याच्या शाखेचं ठाण्याला चालत नाही.

पेशंटने नंतर खर्च मागायचा असेल तर वरची व्याख्या मोजतात. कॅशलेससाठी नेटवर्कमध्ये घेताना मात्र कंपनी स्वतःचे निकष लावते आणि तिथे एनएबीएच कामी येतं. १ एप्रिल २०२४ पासून आयुषला इतर उपचारांच्या बरोबरीने वागवायचं आणि आयुष हॉस्पिटलं नेटवर्कमध्ये घेण्याची पद्धत ठरवायची, असं विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा.

केसपेपरवर रोज 'पंचकर्म दिले' एवढंच लिहिणे

सगळे कागद चोख असूनही बरेच क्लेम इथे पडतात. नोंद कशी हवी ते पाहा: 'सकाळी ७.४०, सर्वांग अभ्यंग, सहचर तेल १०० मिली, ३५ मिनिटं. नाडीस्वेद १० मिनिटं. ८.४५, एरंडमूलादी निरूह बस्ती ५०० मिली, प्रत्यागम ८.५६. बीपी आधी १३०/८४, नंतर १२४/८०.' खाली थेरपिस्टचं नाव, त्याखाली वैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'गृध्रसी' नको. सायटिका आणि आयसीडी-१० (आजारांची आंतरराष्ट्रीय यादी) मधला कोड एम ५४.३ हेही लिहा, कारण टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर ते वाचणारा बहुतेकदा आयुर्वेदाचा नसतो.

ॲडमिट का केलं, हे पहिल्या पानावर असू द्या: चालता येत नाही, घरी बस्ती देता येत नाही, औषध देऊन किती दिवस वाट पाहिली. 'ओपीडीत झालं असतं' या शेऱ्याला दुसरं उत्तर नसतं. आणि ॲडमिट पेशंटला दुपारी ऑफिसला जाऊ देऊ नका. इन्व्हेस्टिगेटर दोन वाजता आला आणि खाट रिकामी दिसली, तर मागचे सहा दिवसही रिकामेच धरले जातात.

तुमच्याकडे पदवी नसेल तर? पंचकर्म तंत्रज्ञाचा मान्यताप्राप्त कोर्स करा आणि वरच्या अटी पूर्ण करणाऱ्या ठिकाणी, वैद्यांच्या हाताखाली काम करा. तुमचं नाव रोजच्या नोंदीत राहील, बिल हॉस्पिटलचं निघेल. स्वतंत्र खोलीत उपचार करून दुसऱ्या कुणा वैद्याच्या लेटरहेडवर बिल देण्याचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. तो ऐकू नका. त्यात पेशंटचा क्लेम जातो आणि वैद्याची नोंदणीही धोक्यात येते.