कॉलेजच्या मित्रांना तीस-पस्तीस वर्षांनी भेटायचंय? मग हॉल बुक करू नका

हॉल, बॅनर, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट आणि माइकवर येऊन 'मी सध्या काय करतो', ही भेट नव्हे, हजेरी. ज्याचं बरं चाललंय तोच बोलतो. बाकीचे मुकाट्याने जेवतात आणि पुढच्या वेळी 'बघतो, जमलं तर' म्हणतात. तिघा-चौघांनी भेटा, पुरे.

शोधाशोध सोपी आहे; एक सापडला की तोच पुढचे नंबर देतो. मैत्रिणींची आडनावं बदललेली असतात, त्यामुळे फेसबुकवर डोळे फोडण्यापेक्षा तेव्हा तिच्या शेजारी बसणारीला विचारा. जुन्या डायरीत मुंबईचा सात आकडी लँडलाइन नंबर असेल तर सुरुवातीला २ लावून बघा. कधीकधी लागतो.

जागा दादर. पश्चिम आणि मध्य, लोकलचे दोन्ही मार्ग तिथे मिळतात. पनवेलवाला कुर्ल्याला गाडी बदलतो. रविवार नको. रुळांच्या कामासाठी गाड्या बंद ठेवतात त्या मेगाब्लॉकमध्ये डोंबिवलीकर लटकतो आणि दादरच्या हॉटेलात तुमचं थालीपीठ संपायची वाट बघत पुढचं गिऱ्हाईक डोक्याशी उभं असतं. मधला वार, अकरा ते चार. दोन्ही वेळची गर्दी चुकते.

आता अवघड भाग, जो कोणी सांगत नाही: घरचं विचारायचं कसं?

एका भेटीत एक जण उशिरा आला, दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, वहिनींना नाही आणलंस?" वहिनी कोविडमध्ये गेल्या होत्या. ज्याला विचारलं त्याने मेनूकार्ड उचललं आणि पाणीपुरीपासून पियुषपर्यंत सगळं वाचून काढलं. त्यानंतर तो कुठल्याच भेटीला आला नाही. विचारणाऱ्याचा दोष नव्हता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ज्याने भेट जमवली आहे त्याने आठवडाभर आधी प्रत्येकाला फोन करायचा. मेसेज नाही, फोन. 'मिसेस काय करतात', 'मुलगा कुठे असतो' असले प्रश्न टाळा. "सध्या घरी कोण कोण असतं रे?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ज्याला जेवढं सांगायचंय तेवढं तो सांगतो. घटस्फोट, गेलेली नोकरी, न बोलणारा मुलगा, सगळं याच प्रश्नाला निघतं. मग विचारा, "बाकीच्यांना सांगू का?" बहुतेक जण म्हणतात, सांग बाबा, मला परत परत सांगायला नको. 'नको' म्हणाला तर विषय तिथेच संपला, बायकोलाही सांगायचं नाही.

सांगायचं तेही एकेकाला, फोनवर. ग्रुपवर टाकलंत तर भेटीच्या आदल्या रात्री 'आरआयपी' आणि हात जोडलेल्या चित्रांचा पूर येतो आणि तो माणूस सकाळी कळवतो की ताप आलाय.

प्रत्यक्ष भेटीत "कळलं मला" एवढं एकदा म्हणा आणि त्याच्या शेजारी बसा. सांत्वनाचं भाषण नको, 'काळ हेच औषध' तर मुळीच नको. जेवण झालं की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जा, झाडाखाली. कट्ट्यावर रांगेत बसावं लागतं, तोंडं मैदानाकडे, बोललेलं फक्त शेजारच्याला ऐकू येतं. हॉटेलच्या टेबलावर समोरासमोर जे निघत नाही ते तिथे आपसूक निघतं. चारपेक्षा जास्त माणसं मात्र कट्ट्यावर निरुपयोगी, टोकाचा एकटा पडतो. आणि आपल्या वयाला बाथरूम लागतं, ते हॉटेलातच उरकून निघा.

मुलांची पॅकेजं, फ्लॅटचे भाव आणि राजकारण या तिन्हीला बंदी. मास्तरांच्या नकला हव्या तेवढ्या.

बिल टीटीएमएम, म्हणजे तुझं तू, माझं मी. अमेरिकेहून आलेला हट्टाने देऊ पाहतो. देऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी दोघं तरी संकोचाने येत नाहीत.

फोटो काढा, पण वर्गाच्या ग्रुपवर टाकू नका. न बोलावलेल्यांना खुलासे देण्यात पुढचा महिना जाईल.