फौजदारी फिर्यादीची मुदत : या चुका टाळा

बांधावरून भांडण होतं, शेजारी काठीने मारतो. जखमी माणूस पोलीस ठाण्यात जातो, तिथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करतात आणि कागदाची प्रत हातात देतात. तो कागद घडी घालून कपाटात जातो. दीड वर्षाने पुन्हा कुरबुर झाली की तोच कागद घेऊन माणूस वकिलाकडे येतो आणि म्हणतो, "साहेब, केस तर तेव्हाच केलीय." तालुक्याच्या कोर्टात ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं.

साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये त्याला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे, आणि अशा गुन्ह्याची दखल घ्यायला, म्हणजे प्रकरण चालवायला हाती घ्यायला, कोर्टाला मुदतही एकच वर्ष. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये मुदतीसाठी दोनच तारखा धरल्या आहेत : कलम २२३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल झाल्याची, किंवा कलम १७३ खाली पोलिसांनी खबर नोंदवल्याची, म्हणजे एफआयआरची. एनसी कलम १७४ खाली नोंदवली जाते. तिच्यावर विसंबू नका. वर्ष उलटायच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे खासगी फिर्याद द्या. पोलीस अधीक्षकांना दिलेला तक्रार अर्ज म्हणजेही एफआयआर नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही होते. एफआयआर वेळेत आहे, पण दोषारोपपत्राला किंवा कोर्टाने दखल घ्यायला उशीर झाला, म्हणून केस बुडाली असं समजून फिर्यादी खचतो. पूर्वी या मुद्द्यावर निकाल खरोखर उलटसुलट होते. २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा घोळ मिटवला : फिर्याद दाखल झाली किंवा कारवाई सुरू झाली ती तारीख महत्त्वाची, कोर्टाने दखल घेतली ती नव्हे. कोर्टाच्या कामाला लागलेल्या वेळेची शिक्षा फिर्यादीने का भोगावी? नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच तत्त्व स्पष्टीकरण म्हणून घातलं आहे.

"तीन वर्षांत केव्हाही करता येते" हे पारावरचं गणितही सोडून द्या. फक्त दंडाच्या गुन्ह्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, एक ते तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला संहितेच्या मुदतीच्या या कलमांत मुदतच नाही. इथे कलमात लिहिलेली कमाल शिक्षा बघायची. प्रत्यक्षात किती होईल हा अंदाज चालत नाही. अनेक गुन्हे एकत्र चालणार असतील तर सर्वांत जड शिक्षेचं कलम धरतात.

पहिला दिवस मोजत नाहीत. १० मार्चच्या मारहाणीचं वर्ष पुढच्या १० मार्चला संपतं. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी फिर्याद देता येते. गुन्हा घडल्याचंच माहीत नसेल तर पीडिताला किंवा पोलिसांना, ज्याला आधी कळेल त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. आरोपी कोण हे माहीत नसेल तर तो कळल्या दिवसापासून. आरोपी फरार असल्याचा काळ वगळतात, पण तारखांचा पुरावा तुम्हालाच जपावा लागतो.

चेक न वटल्याचं गणित पूर्ण वेगळं आहे : बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली बाईने दंडाधिकाऱ्यांकडे मदतीसाठी केलेल्या अर्जाला तर एक वर्षाची मुदत लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. "वर्ष झालं, आता काही होत नाही" असं सांगून बाईला परत पाठवू नका. सासरच्या छळाच्या फिर्यादीला तीन वर्षांची मुदत आहे, पण छळ चालू असेल तर ती रोज नव्याने सुरू होते. आणि अशा फिर्यादींत न्यायहिताचा विचार करून उशीर माफ करण्याकडे कोर्टांनी लक्ष द्यावं, असं सर्वोच्च न्यायालय १९९३ पासून सांगत आलं आहे.

मुदत गेलीच असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१९ खाली विलंबमाफीचा अर्ज फिर्यादीसोबतच द्या. दवाखान्याचे कागद जोडा, उशिराचं कारण तारखेनिशी लिहा. आरोपीला नोटीस काढायची विनंती त्याच अर्जात करा, कारण आरोपीला न ऐकता दिलेली माफी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात टिकली नव्हती.