गावची जुनी विहीर पावसाआधी पिण्यालायक कशी करायची

आमच्या गावात मे महिन्यात टँकर यायचा आणि जूनमध्ये विहिरीत नवं पाणी आलं की आठवड्याभरात घरोघर जुलाब, लेकरं सलाईनवर. पाणी नाही म्हणून हाल आणि पाणी आलं तरी हाल. गेली तीन वर्षं आम्ही गल्लीतली माणसं मिळून विहिरीचं काम करतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

आधी विहिरीत डोकावू नका, विहिरीभोवती चक्कर मारा. घाण बहुतेक बाहेरूनच आत जाते. उकिरडा, गोठा, संडासाचा खड्डा, गटार यातलं काहीही 15 मीटरच्या आत असेल तर ते आधी हलवा नाहीतर पुढची सगळी मेहनत वाया. उकिरड्याची जागा कुणाची तरी आज्या-पणज्यापासूनची असते, भांडणं होतात, आमच्याकडेपण झाली, शेवटी त्या घरच्या आजींनीच मुलाला समजावलं तेव्हा तो हलला. म्हणून बायकांना मीटिंगला बोलवाच, पाणी त्याच भरतात.

कठडा साधारण 75 सेंटिमीटर उंच पाहिजे, त्याला लागून चारी बाजूंनी मीटरभर सिमेंटचा ओटा, उतार बाहेरच्या अंगाला, आणि सांडलेलं पाणी नाली काढून लांब न्यायचं. ओट्यावर धुणीभांडी आणि जनावरं धुणं एकदम बंद. वरच्या 20 फुटातल्या बांधकामाचे सांधे भरून घ्या, पावसाचं वरचं पाणी तिथूनच आत झिरपतं. पिंपळ-उंबराची रोपं उगवली असतील तर मुळासकट काढा, मुळं दगड सुटे करतात. वर जाळी बसवा.

गाळ मेच्या शेवटी काढा, तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं. आणि हे नीट वाचा, डिझेल इंजिन कधीही विहिरीत उतरवायचं नाही, त्याच्या धुराने आतला माणूस गुदमरून जातो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसरापण जातो. खूप दिवस झाकलेल्या विहिरीत तर जाणकार माणसाशिवाय उतरूच नका. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन-तीन माणसं पाहिजेतच.

आता टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आमच्याकडे आधी अंदाजाने ओंजळभर पावडर फेकायचे, कधी पाण्याला वास मारायचा तर कधी काहीच उपयोग नाही. हिशोब सोपा आहे. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणा, तेवढे लिटर पाणी. म्हणजे व्यास 4 मीटर आणि पाणी 3 मीटर असेल तर 37,680 लिटर. चांगल्या पावडरीचे 1000 लिटरला अडीच ग्रॅम धरून सुरुवात करा, इथे साधारण 95 ग्रॅम लागेल. बादलीत आधी पातळ पेस्ट करा, मग पाणी घालून ढवळा, 10 मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की फक्त वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली, आडवीतिडवी जोरात हलवा. हे रात्री करा, कारण नंतर किमान तासभर कुणी पाणी भरायचं नाही.

तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची चाचणी, करा, औषधाचे थेंब टाकल्यावर लगेच पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. रंग पट्टीशी जुळवा, लिटरला 0.5 मिलीग्रॅमपेक्षा कमी असेल तर परत डोस. वारंवार कमीच येत असेल तर पावडर जुनी झालीय, ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं आणि पोतं उघडं किंवा दमट जागी राहिलं की ते उडून जातं. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे पावडर आणि ओटीचं औषध मागा, ते त्यांचं कामच आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, टीसीएलने जंतू मरतात, फ्लोराईड आणि नायट्रेट जात नाही, पाणी उकळूनही जात नाही. त्यासाठी वर्षातून एकदा तरी लॅबमधून रासायनिक तपासणी करून घ्या, फ्लोराईड लिटरला दीड आणि नायट्रेट 45 मिलीग्रॅमच्या वर असेल तर ते पाणी प्यायला वापरू नका.

आणि विहीर कितीही साफ ठेवली तरी शेजारी खोल बोअर पडला की ती आटते. आपला काळा बेसाल्ट खडक, पाणी फक्त मुरमात आणि भेगांमध्ये साठतं, साठा थोडाच. म्हणूनच 1993 च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई होती (आता त्याच्या जागी 2009 चा कायदा आहे), पण बोअरची गाडी गावात शिरायची तेव्हा हे कुणालाच आठवायचं नाही. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचेच नाहीत असं ठरवलं आणि पाळलं. तुमच्या ग्रामसभेत निदान 500 मीटरचा विषय लेखी घ्या, ठराव नोंदवा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

आम्ही एक वही केलीय, तारीख, किती ग्रॅम पावडर, ओटी काय आली, पाणी किती फुटावर. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर रोज नोंद केली, आणि गल्लीतल्या एकाही लेकराला सलाईन लागलं नाही.